मुठीवर थांबलेला हात : विद्यार्थी गटाच्या एका सराव-दृश्याचा प्रकरण अभ्यास

प्रकरण आणि गट

चित्रपट-माध्यम शिकवणाऱ्या बहुतेक प्राथमिक अभ्यासक्रमांत एक सराव या ना त्या रूपात दिला जातो. एक व्यक्ती दार उघडून खोलीत येते, खोली ओलांडून दुसऱ्या व्यक्तीसमोरच्या खुर्चीवर बसते आणि दोघांमध्ये दोन-चार वाक्यांचे बोलणे होते. मिनिटभराच्या या दृश्यात तीन गोष्टी तपासल्या जातात : एका शॉटमध्ये सुरू झालेली हालचाल पुढच्या शॉटमध्ये अखंड वाटावी, समोरासमोर बसलेल्यांच्या नजरा पडद्यावर एकमेकांना मिळाव्यात आणि कॅमेऱ्याने १८० अंशांची रेषा, म्हणजे बोलणाऱ्या दोघांना जोडणारी आभासी रेषा, ओलांडू नये. ऐकायला हे इतके सोपे आहे की विद्यार्थी ‘खऱ्या’ फिल्मच्या आधीची औपचारिकता म्हणून ते उरकायला बघतात. येथे मांडलेल्या प्रकरणातील सहा जणांच्या गटानेही तेच केले. मी त्या गटाची मार्गदर्शक होते, त्यामुळे पुढे नोंदवलेल्या चुकांपैकी एक माझ्या खात्यावर आहे.

गटात दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी आणि संकलन सांभाळणारे प्रत्येकी एक आणि अभिनय करणारे दोघे होते. प्रसंग त्यांनीच लिहिला होता. एक मुलगी किल्ली परत करायला येते, खोलीत मुलगा टेबलाशी बसलेला आहे. ‘किल्ली द्यायला आले.’ ‘ठेव तिथे.’ ‘बघून घे.’ ‘एकच तर आहे.’ संवाद इतकाच. सरावासाठी मला तो आवडला होता, कारण चारही वाक्ये साधी आहेत आणि जे काही घडायचे ते वाक्यांच्या मधल्या जागेत घडायचे आहे. अशी मधली जागा संकलकाच्या हातात येते, पण ती चित्रीकरणात मिळवावी लागते, आणि हे प्रकरण नेमके तिथेच अडकले.

साधनसामग्री माफक होती : एक मिररलेस कॅमेरा, दुसरा कॅमेरा म्हणून एक मोबाइल फोन, एक ट्रायपॉड, एक कॉलर माइक आणि त्याला जोडलेला रेकॉर्डर. गटाने अकरा शॉटची यादी केली होती आणि ती मी तपासली होती. यादी कथेच्या क्रमाने होती आणि प्रत्येक शॉटपुढे कॅमेऱ्याची जागा व चौकट लिहिलेली होती. कोणता शॉट कोणत्या क्रियेवर सुरू होतो आणि कोणत्या क्रियेवर संपतो, हे कुठेच लिहिलेले नव्हते. ते मी विचारायला हवे होते, आणि विचारले नाही.

पहिला दिवस

चित्रीकरण सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळेत झाले. संकलन करणारा विद्यार्थी आला नाही. त्याला कोणी बोलावलेही नव्हते. ‘त्याचं काम नंतर आहे ना’ असे दिग्दर्शन करणारी नंतर म्हणाली, आणि त्या वेळी हे उत्तर गटातल्या कोणालाही चुकीचे वाटले नव्हते. लॉगशीट (प्रत्येक टेकची नोंद ठेवणारा कागद) भरण्याचे काम कोणाकडेही दिलेले नव्हते. चित्र आणि आवाज नंतर जुळवता यावेत यासाठीचा क्लॅप म्हणून दोन तळहात वाजवायचे ठरले, आणि टेकचा, म्हणजे शॉट कितव्यांदा घेतला त्याचा, क्रमांक कधी तोंडी सांगितला गेला, कधी राहून गेला.

आधी बाहेरच्या मार्गिकेतले शॉट झाले. मुलगी पाठमोरी चालत येते, दाराशी थांबते, हात दाराच्या मुठीकडे जातो आणि बोटे मुठीला लागताच ‘कट’. मग कॅमेरा आत आणून दाराच्या आतल्या बाजूचा शॉट लावला गेला. कडीचा आवाज मोठा येतो म्हणून दार आधीच अर्धे उघडून ठेवले, मुलगी त्याच्या मागे उभी राहिली आणि ‘ॲक्शन’ म्हटल्यावर आत आली. यादीप्रमाणे दोन्ही शॉट मिळाले होते, त्यामुळे दोन्हींपुढे टिकमार्क झाला.

आत मास्टर शॉट, म्हणजे सगळा प्रसंग एकाच रुंद चौकटीत सलग टिपणारा शॉट, घेतला तेव्हा मुलगी चौकटीत डावीकडे आणि मुलगा उजवीकडे होता. खिडकीतून येणारा उन्हाचा पट्टा टेबलावर पडला होता. मास्टर चालू असताना फोनही दुसऱ्या कोनातून चालू ठेवला गेला. मुलीचा क्लोज-अप त्याच बाजूने झाला. मुलाची पाळी आली तेव्हा अडचण उभी राहिली. त्या बाजूने कॅमेरा लावला की खिडकी थेट त्याच्या पाठीमागे येत होती आणि चेहरा काळवंडत होता. छायाचित्रकाराने काही मिनिटे खटपट केली, मग ट्रायपॉड उचलून टेबलाच्या पलीकडच्या बाजूला नेला. तिथून चेहऱ्यावर सुंदर प्रकाश येत होता. मॉनिटरवर पाहून सगळ्यांना हायसे वाटले. तोवर दुपारचा एक वाजून गेला होता आणि टेबलावरचा उन्हाचा पट्टा सरकून जमिनीवर गेला होता, हे कोणाच्या लक्षात आले नाही.

संकलनाच्या टेबलावर

दोन दिवसांनी संकलकाने सर्व फुटेज संगणकावर उतरवले आणि तिसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन एकच वाक्य बोलला, ‘मॅडम, फुटेजच नाहीये.’ फुटेज भरपूर होते. पण त्याचे म्हणणे खरे होते.

पहिली अडचण दाराची. चालू हालचालीवर कट करण्याची युक्ती अशी आहे की प्रेक्षकाची नजर हालचालीच्या मागे जात असते, त्यामुळे हालचालीच्या पोटात चौकट बदलली तरी तो बदल नजरेला खुपत नाही. हात मुठीकडे जाऊ लागल्यावर, तो स्थिर होण्याआधी कट घेतला तर तो लपतो, आणि हात थांबल्यावर घेतला तर उघडा पडतो. यासाठी दोन्ही शॉटमध्ये तीच हालचाल सुरुवातीपासून शेवटापर्यंत असावी लागते. बाहेरच्या शॉटमध्ये मुलीने मूठ फिरवून, दार ढकलून, चौकटीतून आत जाईपर्यंत कॅमेरा चालू हवा होता. आतल्या शॉटची सुरुवात बंद दारापासून व्हायला हवी होती. मग मूठ फिरण्यापासून पहिल्या पावलापर्यंतच्या दीड-दोन सेकंदांत, २५ फ्रेमच्या गतीने चाळीस-पन्नास ठिकाणी, संकलकाला कट टाकून पाहता आला असता. त्याच्याजवळ अशी एकही जागा नव्हती. बाहेरचा शॉट बोट मुठीला लागल्यावर संपत होता, आतला शॉट दार अर्धे उघडे असताना सुरू होत होता, आणि मधली क्रिया जगात कुठेही चित्रित झालेली नव्हती.

त्यात हाताचा घोळ. बाहेर किल्ली मुलीच्या उजव्या हातात असल्याने तिने डावा हात मुठीकडे नेला होता. आत येताना किल्ली डाव्या हातात होती, कारण अर्धे उघडे दार तिने उजव्या खांद्याने ढकलले होते आणि तो हात मोकळा असणे तिला सोयीचे वाटले. मी संकलकाच्या शेजारी बसून तो कट पाहिला. किल्ली या हातातून त्या हातात अशी उडी मारत होती की आपण जादूचा प्रयोग पाहतो आहोत असे वाटावे. किल्लीचा किंवा मुठीचा एखादा वेगळा क्लोज-अप असता तर तो मध्ये घालून हे झाकता आले असते. तोही घेतलेला नव्हता.

दुसरी अडचण अधिक गंभीर होती, कारण ती आधी चूक म्हणून ओळखूच आली नाही. मुलीच्या क्लोज-अपला मुलाचा क्लोज-अप जोडला की दोघेही पडद्याच्या उजव्या बाजूला पाहताना दिसत होते. समोरासमोर बसलेली माणसे एकाच दिशेच्या तिसऱ्या कोणाशी बोलत आहेत असा भास होत होता. गटातील सगळ्यांनी प्रत्यक्ष खोली पाहिलेली असल्याने त्यांना तो जाणवला नाही. गटाबाहेरच्या एका विद्यार्थ्याला कट दाखवला तेव्हा त्याने पहिलाच प्रश्न विचारला, ‘अजून एक जण आहे का खोलीत?’

इथे रेषेचा नियम पाठ असणे पुरेसे नसते, तो कशासाठी आहे ते समजावे लागते. बोलणाऱ्या दोघांना जोडणारी एक आभासी रेषा धरून कॅमेरा तिच्या एकाच बाजूच्या अर्धवर्तुळात ठेवला की डावीकडचा माणूस कायम उजवीकडे पाहतो आणि उजवीकडचा डावीकडे. प्रेक्षक खोलीत नसतो. त्याच्याजवळ खोलीचा जो नकाशा असतो तो त्याने तुकड्यांवरून मनात जुळवलेला असतो. १९२० च्या सुमारास सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव यांनी मॉस्कोत केलेल्या जोडणीच्या प्रयोगांतून हेच दिसले होते : वेगवेगळ्या ठिकाणी चित्रित केलेले तुकडे शेजारी ठेवले तर पाहणारा त्यांतून एक सलग जागा उभी करतो. ही क्षमता संकलकाच्या बाजूने जशी काम करते तशीच विरुद्धही करते. एकाच खोलीतले दोन शॉट चुकीच्या बाजूने घेतले, तर पाहणारा तितक्याच सहजतेने त्यांतून दोन खोल्या उभ्या करतो.

संकलकाने मुलाचा शॉट आरशासारखा उलटा करून पाहिला. नजर डावीकडे वळली आणि क्षणभर काम झाल्यासारखे वाटले. मग दिसले की मास्टरमध्ये शर्टाच्या डाव्या बाजूला असलेला खिसा आता उजवीकडे गेला आहे, केसांचा भांग बाजू बदलून बसला आहे आणि मागच्या भिंतीवरच्या सूचनाफलकाची अक्षरे उलटी झाली आहेत. खिसा आणि भांग एखाद्या वेळी खपून गेले असते, अक्षरे खपणे शक्य नव्हते.

उरलेल्या अडचणी तांत्रिक होत्या आणि त्यांतील एक शिकण्यासारखी निघाली. फोनवर घेतलेल्या मास्टरला रेकॉर्डरचा आवाज टाळीवर नीट जुळत होता, पण सत्तर सेकंदांच्या टेकच्या शेवटी ओठ आणि शब्द यांत सुमारे सहा फ्रेमचे अंतर पडत होते. २५ फ्रेमच्या गतीला एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, म्हणजे हे अंतर २४० मिलिसेकंदांचे झाले. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रसारणविषयक शिफारशीप्रमाणे आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला किंवा सुमारे १२५ मिलिसेकंद मागे पडला की पाहणाऱ्याला ते कळू लागते. आधी ध्वनी सांभाळणारीवर संशय गेला. खरे कारण असे की बरेच फोन प्रकाश आणि प्रोसेसरवरील ताण यांनुसार फ्रेमची गती किंचित बदलत ठेवतात, आणि संकलनाच्या सॉफ्टवेअरमधली टाइमलाइन (जिच्यावर शॉट क्रमाने मांडतात ती पट्टी) मात्र एकाच ठराविक गतीची असते. क्लिप आधी स्थिर गतीच्या फाइलमध्ये बदलून घेतल्यावर सरकणे थांबले. तरी फोन ३० च्या गतीवर आणि कॅमेरा २५ वर असल्याने दर सहा फ्रेममागे एक फ्रेम गळत होती, आणि मुलगी खोली ओलांडताना बारीक हिसके देत चालते असे दिसत होते. त्यामुळे फोनचे फुटेज अखेर बाजूलाच ठेवावे लागले.

आवाजाबाबत थोडक्यात नोंदवणे पुरे आहे. कॉलर माइक फक्त मास्टरला वापरला गेला होता. क्लोज-अपच्या वेळी ‘कॅमेऱ्याचा आवाज येतोच आहे’ असे म्हणून तो काढून ठेवला होता. मोकळ्या जागेत माइकचे अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. छातीपाशी २० सेंटिमीटरवर असलेला माइक तीन मीटरवरच्या कॅमेऱ्यापर्यंत गेला म्हणजे अंतर जवळपास चार वेळा दुप्पट झाले आणि २४ डेसिबलच्या आसपास आवाज गेला. तो वाढवायला जावे तर खोलीचा घुमारा बरोबर वाढत होता. रिकाम्या खोलीची शांतता, जिला रूम टोन म्हणतात, ती वेगळी मुद्रित केलेली नव्हती. दोन वाक्यांमधली नको असलेली खुडबूड कापली की तिथे आवाजात खड्डा पडत होता.

वाद

गटाची बैठक झाली ती सुखाची नव्हती. दिग्दर्शन करणारीचे म्हणणे होते की यादीतले अकराही शॉट मिळालेले आहेत आणि संकलकाने प्रयत्न करायला हवा. ‘अरे, तू कापून तरी बघ आधी.’ संकलकाने चार प्रकारे कापून पाहिले होते, आणि तो वैतागलेला होता. छायाचित्रकाराला लाइन क्रॉस झाल्याचा ठपका एकट्याने घ्यायचा नव्हता, कारण मॉनिटरवर सगळ्यांनीच पाहिले होते. अभिनय करणारी मुलगी म्हणाली, किल्ली कोणत्या हातात आहे हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

माझ्या मते यात प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर होते, आणि म्हणूनच वाद सुटत नव्हता. प्रत्येकाने आपल्या शॉटची जबाबदारी पार पाडली होती. दोन शॉटच्या मधल्या सांध्याची जबाबदारी सहांपैकी कोणाकडेच नव्हती. ज्याच्याकडे ती स्वाभाविकपणे आली असती तो त्या दिवशी घरी होता. संकलन हा निर्मितीचा शेवटचा टप्पा आहे ही समजूत वेळापत्रकापुरती ठीक आहे. विचाराच्या क्रमात मात्र कट आधी ठरतो आणि शॉट त्याच्यासाठी घेतला जातो. इंजिनिअरने सांधा न काढता नुसत्या फळ्या कापून दिल्या तर सुतार काय करील, असे मी बैठकीत म्हणाले. उपमा फारशी जमली नाही, पण मुद्दा पोहोचला.

पुनर्चित्रणाला परवानगी द्यायची की आहे तेच सादर करायला लावायचे, हा प्रश्न माझ्यापुढे होता. सरावाचा हेतू लक्षात घेऊन मी परवानगी दिली, मात्र दोन अटींवर : वेळ फक्त दीड तास मिळेल, आणि त्याआधी संकलक संपूर्ण दृश्य कागदावर कापून दाखवील.

कागदावरचे संकलन

संकलकाने दोन कागद आणले. पहिला वरून पाहिलेल्या खोलीचा नकाशा होता. टेबल, दोन खुर्च्या, दार, खिडकी, दोन खुर्च्यांना जोडणारी लाल रेषा आणि तिच्या एकाच बाजूला कॅमेऱ्याच्या क्रमांकित जागा. दुसऱ्या कागदावर शॉटची नवी यादी होती आणि तिच्यात जुन्या यादीत नसलेले दोन रकाने होते, ‘येथून सुरू’ आणि ‘येथे संपणार’. त्याखाली त्याने एक नियम लिहिला होता, तो त्याच्याच शब्दांत देते : ‘लागतं त्याच्या एक क्रिया आधी सुरू करायचं, एक क्रिया नंतर थांबायचं.’ त्यामुळे बाहेरचा शॉट मुलगी आत जाऊन दार मागे लागेपर्यंत चालणार होता, आणि आतला शॉट बंद दारावर सुरू होऊन ती खुर्चीशी पोहोचेपर्यंत.

यादी करतानाच एक साखळी उलगडली, आणि या प्रकरणातला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. मुलाचा क्लोज-अप योग्य बाजूने घ्यायचा तर पाठीमागच्या खिडकीचा बंदोबस्त हवा, म्हणून पडदा ओढायचा. पडदा ओढला की उन्हाचा पट्टा जातो, म्हणजे मुलीचा जुना क्लोज-अप जुळत नाही आणि मास्टरही जुळत नाही. म्हणजे आतले सगळेच पुन्हा घ्यावे लागणार. पडदा ओढल्यावर खोलीतले दिवे लावावे लागतील. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असला तर काही दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात आणि शटर त्याच्याशी जुळला नाही तर चित्रात फडफड येते, म्हणून शटर १/५० सेकंदावर बांधून ठेवायचा. दिव्यांचा रंग दिवसाच्या प्रकाशापेक्षा वेगळा असल्याने व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे यासाठीची कॅमेऱ्यातली जुळणी, ऑटोवर न ठेवता पांढरा कागद धरून एकदाच ठरवायचा. एका नजरेची दिशा सुधारायला निघालेला गट अशा रीतीने शटरपर्यंत पोहोचला. पहिल्या दिवशी हे सारे निर्णय कॅमेऱ्याने परस्पर घेतले होते.

तेरा शॉटपैकी आठ पुन्हा घ्यायचे ठरले. त्यांत दोन नवे होते : मूठ फिरताना हाताचा क्लोज-अप आणि टेबलावर ठेवलेल्या किल्लीचा इन्सर्ट, म्हणजे मध्ये घालायचा फक्त किल्लीचा जवळचा शॉट.

दीड तास

या वेळी संकलक मॉनिटरपाशी लॉगशीट घेऊन बसला. जमिनीवर चिकटपट्टीने खुर्च्यांच्या पायांच्या खुणा केल्या गेल्या आणि लाल चिकटपट्टीची एक रेघ थेट टेबलाखालून ओढली गेली. ती रेघ चौकटीत येणार नाही याची खात्री छायाचित्रकाराने दोनदा केली. किल्ली उजव्या हातात, दार डाव्या हाताने, हे मुलीने स्वतः मोठ्याने म्हणून घेतले. ध्वनी सांभाळणारीने प्रत्येक शॉटला कॉलर माइक लावला, मुलाच्या शर्टाला तो घासतो हे पहिल्याच टेकला हेडफोनवर पकडले आणि माइक आतून कापडी पट्टीने चिकटवून दिला. सगळे घेऊन झाल्यावर तिने तीस सेकंद रूम टोन मागितला. अशा तीस सेकंदांत सहा माणसे स्तब्ध उभी असतात आणि कोणाच्या तरी बुटाचा तळ वाजतो. तसा तो वाजला, म्हणून ते पुन्हा केले.

एक छोटी गोष्ट. बाहेरच्या शॉटच्या दुसऱ्या टेकला दिग्दर्शन करणारीने सवयीने, बोट मुठीला लागताच ‘कट’ म्हटले. संकलक काही बोलला नाही. त्याने नुसते लॉगशीटवर लिहिले, ‘टेक २ : मुठीवर थांबला’. तिने ते वाचले, आणि पुढच्या टेकला दार लागून कडीचा आवाज येईपर्यंत ओठ मिटून उभी राहिली.

वेळ संपायला दहा मिनिटे असताना मुलाच्या क्लोज-अपचे चार टेक झाले होते.

दुसरे संकलन

दाराचा कट अर्ध्या तासात बसला. संकलकाने तो मूठ फिरून दार आत सरकू लागते तिथे टाकला, आणि आतल्या शॉटच्या सुरुवातीच्या तीन फ्रेम काढून टाकल्या, कारण हालचाल हिशेबाने तंतोतंत जुळवली की ती डोळ्यांना किंचित रेंगाळल्यासारखी वाटत होती. हा अनुभव नवशिक्यांना बुचकळ्यात टाकतो. कंटिन्युइटी (शॉटमधले सातत्य) मोजपट्टीने जुळते तेव्हा ती पडद्यावर जुळेलच असे नाही, शेवटचा निर्णय पुन्हा पुन्हा चालवून पाहूनच घ्यावा लागतो. हाताचा क्लोज-अप मग वापरावाच लागला नाही.

खरी चर्चा झाली ती ‘एकच तर आहे’ या वाक्यावर. चौथ्या टेकमध्ये मुलाचा हात मास्टरप्रमाणे टेबलाच्या कडेवर होता, सगळे जुळत होते, आणि वाक्य सपाट होते. दुसऱ्या टेकमध्ये तो वाक्याच्या आधी किल्लीकडे पाहतो, बोलायला जातो, थांबतो आणि मग मुलीकडे न पाहता बोलतो. त्याचा हात मात्र मांडीवर होता. पहिल्या चुकांनी पोळलेल्या संकलकाला चौथा टेक हवा होता आणि दिग्दर्शन करणारीला दुसरा. नियमांच्या बाजूने बोलणारा आता तो होता आणि नियम मोडू पाहणारी ती, हे पाहून मला हसू आले.

ज्येष्ठ संकलक वॉल्टर मर्च यांनी चांगल्या कटच्या सहा कसोट्यांना दिलेले भार मी त्यांना सांगितले : भावना ५१ टक्के, कथा २३, लय १०, प्रेक्षकाची नजर पडद्यावर कुठे आहे याला ७, पडद्याच्या सपाट पृष्ठावरील मांडणीला ५ आणि प्रत्यक्ष जागेतील सातत्याला ४. हे आकडे मोजून काढलेले नाहीत, एका अनुभवी माणसाने लावलेला तो अग्रक्रम आहे, आणि सर्वांत वरची एक कसोटी खालच्या सगळ्यांपेक्षा जड ठरते हे त्यातून कळते. रेषेचा नियम खालच्या दोन कसोट्यांच्या आसपास येतो. म्हणून तो धाब्यावर बसवावा असा याचा अर्थ नाही. खोलीत तिसरा माणूस असल्याचा भास होतो तेव्हा कथाच बिघडते, आणि मग प्रश्न चार टक्क्यांचा राहत नाही. मांडीवरच्या हाताने कथा बिघडत नव्हती.

दुसरा टेक ठेवला गेला. हाताची उडी झाकायला किल्लीचा इन्सर्ट मध्ये आला, आणि त्याने झाकण्यापलीकडचेही काम केले : मुलगा किल्लीकडे पाहतो, आपण किल्ली पाहतो आणि मग वाक्य येते. ‘ठेव तिथे’ हे मुलाचे वाक्य संकलकाने मुलीच्या शॉटवरच ऐकू येऊ दिले, त्यामुळे बोलणाऱ्याचे तोंड दाखवण्याची शाळकरी टिक-टॅक तुटली. मुलीने खोली ओलांडण्याची सात पावले तीन झाली. पहिल्या रफ (कच्च्या) कटची लांबी १ मिनिट ४८ सेकंद होती, अंतिम कट १ मिनिट ६ सेकंदांचा झाला. रूम टोन सगळ्या संवादाखालून अखंड फिरवला गेला. बाहेरच्या मार्गिकेतले पहिल्या दिवशीचे दोन शॉट तसेच राहिले, आणि बारकाईने पाहिले तर त्यांचा रंग आतल्या शॉटपेक्षा किंचित निळसर दिसतो. दार मध्ये असल्यामुळे ते चालून जाते.

सादरीकरण

वर्गात दृश्य दोनदा दाखवले गेले. दारावर, नजरांवर किंवा आवाजावर एकही प्रश्न आला नाही. गटाला याचे थोडे वाईट वाटले, कारण सगळा घाम तिथेच गाळला होता. प्रश्न आला तो असा : ती किल्ली परत का करते?

दिग्दर्शन करणारी म्हणाली, ती घर सोडून चालली आहे. अभिनय करणारी मुलगी आश्चर्याने तिच्याकडे वळून म्हणाली, ‘अगं, मी तर ती भांडून परत करते असं धरलं होतं.’ मग सगळ्यांनी संकलकाकडे पाहिले. तो म्हणाला, किल्ली मुळात मुलाची नाहीच असे धरून त्याने मुलाच्या शेवटच्या वाक्याआधीचा तो थांबा दीड सेकंद लांबवला होता.